मातीने नाकारलेली पिशवी

१

काचपेटीतली माती हलक्या हाताने बाजूला सारत मामा तळाकडे जाऊ लागले, तेव्हा दुकानात जमलेल्या सगळ्यांची अपेक्षा एकच होती: आत काहीही सापडू नये. काहीही न सापडणे, हाच त्या सकाळचा समारंभ होता.

मामांच्या बोटांना कापड लागले.

ही पेटी भाचीच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत गेले काही महिने मांडलेली होती. दुकानात जुन्या पडद्यांच्या उशा, रिकाम्या बाटल्यांचे दिवे, घरून आणलेल्या बरणीत भरून मिळणारा साबण आणि कांद्याच्या सालींच्या रंगात बुडवलेल्या सुती पिशव्या विकल्या जात. दारावरच्या पाटीवर भाचीने स्वतःच्या हाताने रंगवले होते: ‘सुंदर, स्वस्त आणि मातीत मिसळणारे’. मामांनी जन्मभर कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली होती, आणि निवृत्त झाल्यावरही बनियनवरच्या लेबलावर त्यांचा विश्वास बसत नसे. पाटी प्रथम पाहिली तेव्हा ते म्हणाले होते, की या तिन्हींतले कोणतेही दोन गुण बाजारात मिळतात. तिसरा फक्त छापलेला असतो.

भाची त्यांच्याच हाताखाली वाढलेली. तिने विचारले, मग सिद्ध करायचे कसे? त्यातून पेटी निघाली. दुकानातलीच एक छोटी पिशवी घ्यायची, बागेतल्या गांडुळांसह मातीत पुरायची आणि झाकणावर मामांच्या सहीची कागदी पट्टी चिकटवायची. पिशवी मातीत मिसळून गेली तर शहरातले ग्राहक मंडळ दुकानाला आपला पसंतीचा शिक्का देणार होते. गेली नाही, तर पाटी स्वतः उतरवीन, असे भाचीने भर दुकानात सांगून टाकले होते. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. आता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच होते.

मामांनी कापड बाहेर काढून पाण्याच्या घमेल्यात धरले. माती सुटली, आणि त्याबरोबर पिशवीही सुटली. दोन चौकोन आणि दोन लांब पट्टे पाण्यावर वेगवेगळे तरंगू लागले. त्यांवर रंगाचा मागमूस नव्हता. कापड मच्छरदाणीसारखे विरळ झाले होते; त्यातून मामांना स्वतःची बोटे दिसत होती. पण ते फाटेना. पिशवी मेली होती आणि तिचे भूत मात्र धडधाकट होते.

ग्राहक मंडळाच्या अध्यक्षाबाई फारशा बोलल्या नाहीत. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत मी पुन्हा येते, तोवर काय झाले ते मला समजले पाहिजे, एवढे सांगून त्यांनी चपला घातल्या.

“मामा,” भाची हळूच म्हणाली, “मी लोकांना प्लास्टिक विकत होते का रे?”

मामांनी झाकण उन्हाकडे धरून पट्टी पाहिली. सही त्यांचीच. कागदाला कुठे चीर नाही, खालचा डिंक जसाच्या तसा.

“पेटी कोणी उघडलेली नाही,” ते म्हणाले. “म्हणजे खोटं बोलतेय ती एक तर माती, नाही तर पिशवी. आणि मातीला खोटं बोलायचं कारण नाही.”

२

मामांनी शिवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर ते चार तुकडे मांडले. भाचीला स्टुलावर बसवून त्यांनी आपली जुनी सवय सुरू केली: आधी जे नाही ते पाहायचे.

दोरा नव्हता. कडेला सुईची भोके होती, पण त्यांतला दोरा औषधालाही उरला नव्हता. दुकानात वापरतात तो दोरा शंभर टक्के सुती. रीळ मामांनी स्वतः तपासून दिलेले. म्हणजे मातीने दोरा खाल्ला होता. जी माती दोरा खाते ती कापड सोडणार नाही. गांडुळे जिवंत होती, ओल बरोबर होती. मातीवरचा आळ टळला.

“म्हणजे कापडच खोटं,” भाची म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. कापड खोटे असेल, तर फळीवरच्या सगळ्या पिशव्या खोट्या होत्या, आणि आजवर विकलेल्याही.

कापड आणत असत ते शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर मागच्या दाराने आले आणि तुकड्यांकडे एक नजर टाकून खुर्चीत असे बसले, की जणू त्यांच्या घरातलेच कोणी गेले. मामांनी आडपडदा न ठेवता विचारले, की कापडात भेसळ झाली का. मास्तरांनी उत्तर द्यायच्या आधी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“मामा, मी लग्नाचे कोट वेळेवर दिले नसतील. एकाची बाही दुसऱ्याला लावली असेल. पण टेरिकॉटला सुती म्हणून गळ्यात मारायचं, तर त्याला अक्कल लागते. ती असती तर मी आज तुमच्यासमोर बसलो असतो का?”

हा पुरावा नव्हता, पण मामांना उत्तर आवडले. पुरावा त्यांच्या खिशात होता.

नमुना कसोटीला लावायच्या आधी त्याचा एक तुकडा राखून ठेवायचा, हे प्रयोगशाळेत त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. पिशवी पुरायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तिच्या खालच्या कोपऱ्याचा एक त्रिकोण कात्रीने उडवला होता. तो तेव्हापासून त्यांच्या पाकिटात, लायब्ररीच्या कार्डामागे होता. भाचीला हे आत्ताच कळले. बाकी कोणाला सांगायची गरज त्यांना वाटली नव्हती. आपल्याच माणसांसमोर अविश्वासाचे प्रदर्शन बरे दिसत नाही.

त्यांनी त्रिकोणाच्या टोकाचे दोन धागे ओढून चिमट्यात धरले आणि काडी लावली. जळत्या कागदाचा वास आला. मागे उरली ती करडी राख, फुंकरीसरशी उडून जाणारी. मग त्यांनी भुताच्या एका पट्ट्याचे दोन धागे धरले. ते आक्रसले, वितळले आणि टोकाला काळा, टणक मणी धरून बसले.

मास्तरांनी हात जोडले. कोणाला, ते स्पष्ट झाले नाही.

“म्हणजे आपलं कापड खरं आहे,” भाची म्हणाली. “पण मग हे...”

“कोपरे मोज.”

भाचीने दोन्ही चौकोन फिरवून फिरवून पाहिले. सगळे कोपरे शाबूत होते. एकाही कोपऱ्याला कात्री लागलेली नव्हती.

“आपण पुरायला काढलेली पिशवी या पेटीत कधी गेलीच नाही,” मामा म्हणाले.

३

समोरच्या बाजूला बादल्यांचे दुकान होते. लाल, निळ्या, हिरव्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या उतरंडीमागे बसणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीत बादलीशेठ म्हणत. भाचीच्या दुकानाची सगळ्यात जास्त टिंगल त्यांनीच केली होती. आमची बादली नातवाच्या नातवापर्यंत टिकते, तुमची पिशवी तर तेराव्या महिन्यालाच खत, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आणि तरीही दुकाने उघडायच्या वेळी ते काचपेटीला नाक लावून उभे असलेले अनेकांनी पाहिले होते. आळ घ्यायला इतका सोयीचा माणूस मामांना संशयास्पद वाटला. सोयीच्या निष्कर्षांशी त्यांचे कधी जमले नव्हते.

त्यांनी सरळ विचारले, की रोज सकाळी पेटीपाशी काय चालते.

बादलीशेठने आधी काही चालत नाही असे सांगितले, मग काच पुसत होतो असे सांगितले, आणि शेवटी मामांना बादल्यांच्या आडोशाला ओढून नेले.

“कोणाला बोलू नका. त्यात एक जाडं गांडूळ आहे. काचेला लागून बोगदा काढतं. दोन दिवस दिसलं नाही, तर माझा जीव खालीवर व्हायला लागला. आता एवढी वर्षं बादल्या विकल्या, पण बादली काही वळवळत नाही हो.”

मामांनी गंभीरपणे मान हलवली. निरीक्षणात सातत्य असलेला साक्षीदार विरळा. त्याच्या हेतूची चिकित्सा करू नये. त्यांनी विचारले, की अगदी पहिल्या दिवशी, काचेवर चिखल बसायच्या आधी, पिशवी नीट दिसली होती का.

“दिसली की. मी बायकोला म्हटलंसुद्धा, यांची काय फॅशन असेल ती असेल, पिशवीला खिसा कशाला?”

“खिसा होता?”

“खिसा नव्हता. खिशाची जागा होती. आजूबाजूचा रंग फिका आणि तेवढाच चौकोन गडद. आणि त्याच्या कडेला अजून एक बारीक पट्टी, अशी उभी. पेन्सिल मावेल न मावेल एवढी.”

मामा रस्ता ओलांडून जवळजवळ धावत आले. त्यांनी एक चौकोन उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मधोमध, सुईच्या बुजत आलेल्या भोकांनी आखलेला खिशाचा आकार होता, आणि त्याच्या एका कडेला चिंचोळ्या कप्प्याची उभी रेघ. पिशवी जुन्या सदऱ्याची केलेली होती. खिशाखालचे कापड उन्हाला आणि धुण्याला कधी लागले नव्हते, म्हणून ते कमी विटलेले. कांद्याच्या रंगाखालीही तो फरक लपला नाही.

तो सदरा कोणाचा, हे मामांना त्याच क्षणी कळले. कळले नसते तर बरे झाले असते.

४

मागच्या खोलीत भाचीच्या सासऱ्यांचा फोटो होता. ते घड्याळे दुरुस्त करत. फोटोत ते कामाच्या टेबलाशी बसलेले होते, आणि सदऱ्याच्या खिशाशेजारच्या मुद्दाम शिवून घेतलेल्या चिंचोळ्या कप्प्यातून बारीक स्क्रूड्रायव्हरचे टोक डोकावत होते. मामांनी तो फोटो शेकडो वेळा पाहिला होता.

त्याच फोटोखाली बसून विहीणबाई, म्हणजे भाचीच्या सासूबाई, शेंगा सोलत होत्या. भाचीच्या सासूवर भाचीच्या मामाने आळ घ्यायचा, हे मिश्रण मामांनी हाताळलेल्या कुठल्याही रसायनापेक्षा स्फोटक होते. जावई कामासाठी परगावी. घरात दिवसभर या दोघीच एकमेकींना. खरे बोलले तर घर दुखावते, गप्प बसले तर पाटी उतरते आणि मास्तरांच्या नावाला कायमचा डाग लागतो.

“बसा मामा,” विहीणबाई म्हणाल्या. “तुमचा चेहरा का असा? तुमचंच म्हणणं खरं ठरलं ना, लेबलं खोटी असतात?”

मामा बसले. त्यांनी सोलायला शेंगा ओढल्या. शेंगा ज्या पिशवीतून आल्या होत्या ती शेजारीच लवंडलेली होती: कांद्याच्या रंगाची, रोजच्या धुण्याने मऊ पडलेली, छोटी. तिच्या खालच्या एका कोपऱ्याला हिरव्या कापडाचे पान लावलेले होते, टाके इतके बारीक, की ठिगळ न वाटता नक्षीच वाटावी. गिऱ्हाइकांनी त्या पानाचे कौतुक केल्याचे भाचीने सांगितलेले त्यांना आठवले. मामांनी पाकिटातला त्रिकोण काढून पानावर ठेवला. तो बरोबर बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

विहीणबाईंनी त्रिकोणाकडे पाहिले. हातातली शेंग त्यांनी पुरी सोलली, दाणे वाटीत टाकले आणि मगच बोलल्या.

“कोपरा तुम्ही कापला होता होय? मला वाटलं उंदरानं कुरतडली.”

मग त्यांनी सगळे सांगितले, आणि लपवण्यासारखे काही केले आहे असे त्यांच्या आवाजातून जाणवले नाही. आदल्या संध्याकाळी ती कोरी पिशवी टेबलावर दिसली. उद्या ही मातीत पुरायची, हे ऐकल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. चांगली धडधाकट वस्तू, एकदाही बाजाराला न गेलेली, ती सडवायची? सुनेला म्हटले असते तर तिने प्रयोगाचे महत्त्व समजावले असते, आणि ते समजावून घ्यायची त्यांची इच्छा नव्हती. उंदराने कोपरा खाल्लेला; तशीही ती विकली गेली नसती.

“पुरायचीच तर पुरण्याजोगी वस्तू पुरावी, नाही का? यांचा एक सदरा कपाटात होता. कॉलर गेलेली, कोपर गेलेलं. केराच्या टोपलीत टाकायला हात होईना आणि ठेवून तरी काय करायचं? म्हटलं, इथे चांगली माती आहे, सून रोज पाणी शिंपडणार आहे, येणारेजाणारे बघणार आहेत. त्यांना माणसांची आवड होती.” त्यांनी आणखी एक शेंग सोलायला घेतली. “रंगाच्या पातेल्यात बुडवली, तुमच्याच रिळाने शिवली आणि सकाळी घडी करून तुमच्या हातात दिली. तुम्ही उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.”

हे खरे होते. मामांनी पट्टी तपासली, डिंक तपासला, सही दोनदा केली, आणि ज्यासाठी हा सगळा बंदोबस्त, ती वस्तू विहिणीने दिली म्हणून डोळे मिटून आत ठेवली. पेटीला कुलूप लावायच्या आधीच चोरी झाली होती, आणि कुलूप लावणारे तेच होते.

“पण मामा, एक मला कळत नाही,” विहीणबाई म्हणाल्या. आता प्रथमच त्यांचा हात वाटीत थांबला. “ते सुतीशिवाय अंगाला काही लावत नसत. सदरा घेताना दुकानदाराला तीन तीनदा विचारायचे. मग तो मातीत का गेला नाही?”

५

मामांनी हजारो नमुन्यांचे निकाल लिहिले होते. गिरणीमालक रागावले, व्यापारी रडले, वरिष्ठांनी दरडावले. एकाही निकालातला शब्द त्यांनी मऊ केला नव्हता. फोटोतले घड्याळजी त्यांच्याकडे पाहत होते: तीन तीनदा विचारून फसलेला, प्रामाणिक गिऱ्हाईक. कुणा दुकानदाराने फार वर्षांपूर्वी सुती म्हणून मिश्र धाग्याचा सदरा त्यांच्या गळ्यात मारला होता, आणि तो त्यांनी विश्वासाने विटेपर्यंत वापरला होता.

“त्या सदऱ्यात दोन धागे होते, विहीणबाई,” मामा म्हणाले. “त्यातला जेवढा सुती होता, तेवढा सगळा मातीत गेला. रंग घेऊन गेला. एक तंतू मागे राहिला नाही.”

“आणि राहिलंय ते?”

“तो दुकानदाराचा खोटेपणा. यांच्याकडचं काही नाही त्यात.”

विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्यांनी वाटी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “दुकानाचं नाव आठवतंय मला. बंद पडलं ते. पडायलाच हवं होतं.”

संध्याकाळी अध्यक्षाबाई आल्या. मामांनी ठरवले होते, की नाव न घेता सांगायचे: घरातल्या कोणाच्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली. ते सुरुवात करणार, इतक्यात मागच्या दाराचा पडदा सरला आणि विहीणबाई हिरवे पान लावलेली ती पिशवी काखेत मारून बाहेर आल्या. नाव नसलेला निष्कर्ष म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, असे तुम्हीच म्हणता ना, असे मामांना सुनावून त्यांनी सगळी हकिकत स्वतःच सांगितली. मग मामांनी दोन काड्या ओढून दोन धागे जाळून दाखवले, कोपरा पानावर बसवून दाखवला, आणि मास्तर यात पूर्ण निर्दोष आहेत हे एकदा पुरे असताना दोनदा सांगितले.

भाचीने सासूकडे पाहिले. दुकानातले सगळे आता काय होते याची वाट पाहत होते.

“आई,” ती म्हणाली, “मला म्हणाला असतात तर मी दोन पेट्या ठेवल्या असत्या. एक पिशवीसाठी, एक बाबांच्या सदऱ्यासाठी.”

“तेव्हा सुचलं नाही गं. मला वाटलं, तू मला अडाणी म्हणशील.”

“ते मी आता म्हणतेय.”

विहीणबाई हसल्या, आणि कोंडून राहिलेली हवा खिडकी उघडल्यासारखी मोकळी झाली.

अध्यक्षाबाईंनी मात्र वहावत जायला नकार दिला. हकिकत त्यांना पटली, पण शिक्का हकिकतीवर मिळत नाही. कसोटी परत व्हायला हवी. मामांना त्यांच्याविषयी एकदम आदर वाटला. तर मग हीच पिशवी आत्ता माझ्यासमोर पुरा, असे म्हणून अध्यक्षाबाईंनी हात पुढे केला. विहीणबाईंनी पिशवी काखेत आणखी आवळली.

“ही मी देणार नाही. रोजची सवय झालीय मला तिची.”

वापरणाऱ्या बाईची पिशवी पुरायला द्यायची तयारी नाही, हाच कदाचित पिशवीच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा होता. पण मामांना असले वाक्य निकालपत्रात लिहायची सवय नव्हती. त्यांनी पाकिटातला त्रिकोण काढला.

“त्याच पिशवीचा तुकडा. तोच रंग, तेच कापड. लहान आहे, पण मातीला आकाराचं काही नसतं.”

या वेळी त्यांनी त्रिकोण अध्यक्षाबाईंच्या तळहातावर उलटासुलटा करून दाखवला, मग विहीणबाईंच्या, आणि बादलीशेठ दाराशी घुटमळत होते म्हणून त्यांच्याही. बादलीशेठने मातीत बोट घालून कोणीतरी सुखरूप असल्याची खात्री करून घेतली. झाकणावरच्या पट्टीवर सही विहीणबाईंनी केली.

काही महिन्यांनी कोपरा मातीत मिसळून गेला. अध्यक्षाबाईंनी स्वतः माती चाळून पाहिली, काही सापडले नाही, आणि काही न सापडल्याबद्दल दुकानाला शिक्का मिळाला. पाटी जागेवर राहिली. मामांनी ती नव्याने वाचली आणि तिन्ही गुणांबद्दल तूर्तास हरकत नाही, असे शेरा मारल्यासारखे सांगितले. भाचीने ते आयुष्यातले सर्वांत मोठे कौतुक म्हणून ऐकले, आणि ते तसेच होते.

राहता राहिले ते भूत. विहीणबाईंनी ते चार तुकडे स्वच्छ धुऊन पुन्हा एकत्र शिवले. विरळ, पांढरी, आरपार दिसणारी पिशवी झाली. तिच्यातून आणलेली लिंबे धुक्यातल्या दिव्यांसारखी दिसत. चिंचोळ्या कप्प्याची रेघ त्यांनी नव्या दोऱ्याने पुन्हा घातली. बाजारातून आल्यावर विहीणबाई ती दुकानाच्या खुंटीला अडकवतात, आणि दुकानातल्या सगळ्या शुद्ध, सुती, मातीत मिसळणाऱ्या मालाला ओलांडून गिऱ्हाइकांचे बोट नेमके तिच्याकडेच जाते. अशी मिळेल का? कितीला? दुसऱ्या रंगात आहे का?

भाची प्रामाणिकपणे सांगायला लागते, की ते कापड मातीत जात नाही. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ग्राहकांच्या आवडीनिवडीवर मनातल्या मनात एक कठोर टिपण तयार करतात. पण तोवर आतून विहीणबाईंचा आवाज येतो.

“तो एकच नग होता,” त्या म्हणतात. “तसे आता बनत नाहीत.”